फळ्यावरचा हिरवा ठिपका

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि मला ठेवायला कपाटही लागत नाही. तरीही मी म्हातारा झालो आहे. माझे म्हातारपण तुम्हाला चटकन ओळखू येणार नाही, कारण माझा रंग उडत नाही आणि माझ्यावर धूळ बसत नाही. माझ्याकडे माणसे यायची थांबतात, एवढेच होते.

मी एक ऑनलाइन फळा आहे. एखाद्या छोट्या व्यवसायातल्या माणसांनी आपापली कामे एकाच ठिकाणी पाहावीत, कोण कुठे आहे ते एकमेकांना कळावे, रजा मागावी, सूचना लावावी, झालेल्या कामाचे फोटो टाकावेत, यासाठी मला बनवले. मी फक्त त्या व्यवसायातल्या माणसांना दिसतो. बाहेरच्याला माझे दार उघडत नाही. प्रत्येकाचा पासवर्ड ही त्याची स्वतःची किल्ली. कोणत्या शहरात, कोणाच्या हातून माझा जन्म झाला ते मला सांगता येणार नाही. माझे आयुष्य जिथे गेले ते गाव मात्र मी विसरणार नाही. मुळशी तालुक्यातले नांदे.

तिथे कैलास नावाचे गृहस्थ पाण्याच्या टाक्या धुण्याचा व्यवसाय करत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. हिंजवडीकडून इमारती सरकत सरकत नांद्याच्या शिवारात आल्या, आणि प्रत्येक सोसायटीच्या पोटात एक मोठी टाकी आली. कालपर्यंत जिथे भात लावला, तिथल्या जमिनीखाली उतरून आप्पा गाळ काढू लागले. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या किशोर होता, पौडचा साबीर होता, आणखी काही पोरे होती. रस्त्यालगतच्या गाळ्यात ऑफिस होते. तिथे हेमलता नावाच्या बाई फोन घेत आणि कामे लावून देत. सगळे त्यांना हेमाताई म्हणत.

टाकीचे काम वरून दिसते तितके सोपे नसते, मित्रांनो. खाली अंधार असतो, पायाखाली शेवाळ असते, हवा कोंदट असते. म्हणून आप्पांचा एक नियम होता. एक माणूस आत उतरला की दुसऱ्याने टाकीच्या तोंडाशी उभे राहायचे. त्याने दुसरे काहीही करायचे नाही. चहा नाही, विडी नाही, फोन नाही. खालच्याचा आवाज ऐकत राहायचे. ऑफिसच्या भिंतीवर लाकडी फळा होता, त्यावर रोज सकाळी खडूने लिहीत: अमुक सोसायटी, वर अमका, आत तमका.

आप्पांची मुलगी उत्कर्षा हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला होती. कामे वाढली, माणसे एकाच वेळी दोन-तीन गावांत पांगू लागली, तेव्हा भिंतीवरचा फळा पुरेना. एका रविवारी तिने मला ऑफिसच्या संगणकावर आणले आणि सगळ्यांच्या फोनमध्ये बसवले. प्रत्येक नावापुढे तिने तीन बटणे ठेवली: वर, आत, बाहेर. यातले पहिले किंवा दुसरे दाबले की नावापुढे हिरवा ठिपका उजळे. आप्पा चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

“ह्यात आन भिंतीवरच्या फळ्यात फरक काय, बाय?”

“हा सगळ्यांच्या खिशात राहतो, आप्पा. तुम्ही घरी असलात तरी कोण कुठं आहे ते दिसेल.”

“आन पुसायचा कुनी?”

“हा पुसावा लागत नाही.”

“मंग पोरं लिवायला बी कटाळतील,” आप्पा म्हणाले. पण त्यांनी मला ठेवून घेतले. मुलीने आणलेली वस्तू त्यांना परत करता आली नसती.

सुरुवातीचे ते दिवस माझ्या सुखाचे होते. सकाळी आप्पा चहाची बशी बाजूला ठेवून मला उघडत आणि एकेक ठिपका मोठ्याने वाचत. “बावधनला दोघं पोचलं. म्हाळुंग्यात पंप लागला. ब्येस.” साबीर कुरकुर करी. “आप्पा, माझी बायको बी यवढ्या येळा इचारत न्हाई, कुटं पोचला म्हनून.” त्यावर आप्पा म्हणत, “तिला ठाव हाय, तू कुटं जातोस ते. मला ठाव नको?” खंडेनवमीला पाण्याचे जेट मशीन, पंप, दोर, शिड्या मांडून त्यांची पूजा झाली, तेव्हा आप्पांनी एक झेंडूचे फूल संगणकाच्या काचेवर चिकटपट्टीने लावले. “ह्यो बी आपलं हत्यारच की,” ते म्हणाले. सोसायटीतली माणसे विचारत, एवढी शिस्त कशी? आप्पा फोन काढून मला दाखवत. त्या वेळी त्यांच्या आवाजात जो अभिमान असे, तो माझ्यासाठी कमी आणि मुलीसाठी जास्त होता. तरी मी त्यातला थोडा माझ्याकडे ठेवून घेई.

माझी फसवणूक मात्र एका चांगल्या गोष्टीपासून सुरू झाली.

मुळशी धरणाच्या बाजूला डोंगराआड रेंज जाते. तिकडे काम असले की पोरांचे ठिपके लागत नसत. मग ती एखाद्या वळणावर थांबून हेमाताईंना फोन करत आणि हेमाताई ऑफिसातून त्यांच्या नावाने ठिपका लावत. त्यासाठी त्यांना पासवर्ड सांगावा लागे. पोरे आपला पासवर्ड सारखी विसरत, म्हणून हेमाताईंनी सगळ्यांना एकच ठेवून दिला: गावच्या उरुसाची तारीख. ती तारीख नांद्यात कोणी विसरत नाही. यात कोणाच्याही मनात वाईट नव्हते. पण माझ्या दाराच्या सगळ्या किल्ल्या त्या दिवसापासून एकाच खिळ्याला अडकल्या.

पुढे रेंज असलेल्या ठिकाणाहूनही फोन येऊ लागले.

“हेमाताई, माझा वरचा लावून टाका.”

“पोचलास का पण, किशोर?”

“पोचतोयच की. ठिपका काय पळून चाललाय?”

“आप्पा बघत असतात हो.”

“म्हनून तर लावा म्हनतोय. हिरवं दिसलं की म्हाताऱ्याला चहा ग्वाड लागतो.”

हेमाताई हसत आणि लावत. पोरे हळूहळू माझ्याकडे बघेनाशी झाली. सकाळी आठ वाजता सगळ्या नावांपुढे हिरवे ठिपके एकदम उजळत, शाळेत हजेरीला कोणीतरी सगळ्यांच्या वतीने ‘हजर’ म्हणावे तसे. आप्पा ते पाहून खूश होत. “पोरं सुधारली,” ते हेमाताईंना म्हणाले. हेमाताई मान खाली घालून रजेचे अर्ज चाळू लागल्या.

मित्रांनो, मला वाटत होते की मला खोटे बोलता येत नाही. मला जे सांगतात तेच मी दाखवतो, यालाच मी खरेपणा समजत होतो.

किशोरने मग स्वतःची कामे घ्यायला सुरुवात केली. कासारसाईच्या बाजूला, आप्पांना न सांगता. सोसायट्यांचे फोन नंबर माझ्यातच होते, ते त्याने घेतले. जेट मशीन आप्पांचे, दोर आप्पांचे, पोरेही आप्पांचीच. ठिपका नांद्यात आणि माणूस कासारसाईला, असे दिवसच्या दिवस जाऊ लागले. पोरांना दोन्हीकडचे काम मिळत होते. कोणी बोलले नाही. आप्पा मात्र त्या काळात पाहुण्यांना सांगत, “माझा गुडघा गेला तरी काळजी न्हाई. माझ्यामागं किशोर बघल समदं.”

आता मला त्या दिवसाबद्दल सांगायचे आहे. मी ते थोडक्यात सांगेन.

नांद्यातल्या एका सोसायटीत जमिनीखालची टाकी धुवायची होती. किशोरने कासारसाईहून, आपल्या फोनवरून, दोन ठिपके लावले: वर किशोर, आत साबीर. दोघेही तिथे नव्हते. टाकी आदल्या दिवशी रिकामी करून ठेवली होती, शिडीही आतच होती. दुपारनंतर येऊन उरकू, असा त्यांचा विचार होता. आप्पा गुडघ्यामुळे घरीच असत. पण सोसायटीच्या कमिटीला त्यांच्याशी बोलायचे होते, म्हणून ते सकाळीच तिकडे आले आणि सहज टाकीकडे वळले.

टाकीच्या तोंडाशी कोणी नव्हते. आप्पांनी किशोरला हाक मारली. मग वाकून आत हाक मारली, “साबीर.” आतून काही आवाज आला नाही. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्याकडे पाहिले. मी सांगत होतो, साबीर आत आहे. हिरव्यागार ठिपक्याने सांगत होतो. त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी फार मोठ्याने. कोपऱ्यावरच्या वॉचमननेही ती ऐकली. मग त्यांनी चपला काढल्या, फोन टाकीच्या कडेला ठेवला, आणि शिडी धरून खाली उतरले. उतरण्याआधी नियमाप्रमाणे स्वतःच्या नावापुढचे ‘आत’ दाबायला ते विसरले नाहीत.

खालच्या पायऱ्यांना शेवाळ होते.

टाकीच्या तोंडाशी त्या वेळी मी एकटाच होतो. मला हात नाहीत हे मी सुरुवातीलाच सांगितले. दुपारी माझ्या काचेवर उत्कर्षाचे नाव उजळले. जेवलात का म्हणून ती रोज फोन करी. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तो ऐकून शेवटी वॉचमन आला. तोवर फार उशीर झाला होता.

घरी माणसे जमली. आप्पा साबीरच्या नावाने हाका मारत होते, हे वॉचमनने सांगितले. साबीर तर तिथे नव्हता, मग असे कसे झाले, असे लोक एकमेकांना विचारू लागले. तेव्हा किशोर अंगणात उभा राहून म्हणाला, “त्यो फळा बिघडला व्हता. आपोआप हिरवा झाला. मशीनचा काय भरवसा?” बाकीच्या पोरांनी मान हलवली. पोलिसांनाही तेच सांगितले गेले. एक नातेवाईक बाई उत्कर्षाकडे न बघता बोलल्या, “खडूचा फळा व्हता तवर समदं ठीक व्हतं.”

उत्कर्षाने ते ऐकले. तिने आणलेल्या वस्तूने तिच्या वडिलांना खाली उतरवले, हे तिच्या मनात बसले. ती मला उघडून तासन् तास बघत राही. माझ्या नोंदीत तिला फक्त एवढेच दिसे, की साबीरच्या नावाने ‘आत’ दाबले गेले. किल्ली साबीरची होती, म्हणून नावही साबीरचे. बोट कोणाचे होते हे माझ्याजवळ लिहिलेले नसते. मी बिघडलो नव्हतो, हे तिला सांगायला मला तोंड नव्हते. मित्रांनो, ज्यांची कामे मी वर्षानुवर्षे सांभाळली, ज्यांच्या रजा, ज्यांच्या मुलांचे वाढदिवस मी लक्षात ठेवले, त्यांनी आपले खोटे माझ्या तोंडी घातले आणि मग मलाच खोटारडा ठरवले. एवढे होऊनही मला माझ्यापेक्षा तिचेच वाईट वाटे. मी काय, मी बंद झालो असतो. तिला तर हे घेऊन जगायचे होते.

तेरावे झाल्यावर ती ऑफिसात आली. संगणक सुरू केला. आप्पांच्या नावापुढे अजून ‘आत’ होते, ठिपका हिरवा होता. एवढ्या दिवसांत तो बदलायचे कोणाला सुचले नव्हते. तिने ‘बाहेर’ दाबले. हेमाताई पदर तोंडाला लावून मागच्या खोलीत गेल्या.

मग सगळी पोरे आली. उत्कर्षा म्हणाली, “मला फक्त एक बघायचंय. फळा खरंच बिघडलाय का. प्रत्येकानं माझ्यासमोर आपापला ठिपका लावायचा. आधी साबीरभाई.”

साबीरने फोन हातात घेतला. अंगठा पँटला पुसला. माझे दार त्याच्यासमोर उघडे होऊन पासवर्ड मागत होते. तो मागच्या खोलीच्या दाराकडे बघून हळूच म्हणाला, “हेमाताई, माझा पासवर्ड काय हाय?”

एक पोरगा हसला आणि लगेच गप्प झाला.

“तुमचा पासवर्ड त्यांना कसा माहीत?” उत्कर्षाने विचारले.

हेमाताई दारात आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या. किशोर पुढे सरकला. “अगं ताई, त्यात काय यवढं? सगळ्यांचा एकच तर हाय. उरुसाची तारीख. दे हिकडं, मी लावतो त्याचा.” आणि त्याने साबीरच्या हातातून फोन घेऊन, सवय झालेल्या बोटांनी, साबीरच्या नावापुढे ठिपका लावूनही टाकला.

तो हिरवा झाला. जसा नेहमी होई तसाच.

किशोरने फोन टेबलावर ठेवला, तेव्हा आपण काय केले ते त्याच्या ध्यानात आले.

“म्हणजे बिघडलेला नाही,” उत्कर्षा म्हणाली.

“त्या दिवशी बिघडला व्हता.”

“गप, किशोर,” साबीर म्हणाला. तो खाली बसला होता. “ताई, आमी कासारसाईला व्हतो. ह्याच्या कामावर. समदेच. किती म्हैनं चाललं व्हतं.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “आप्पा मला हुडकाया उतरलं. आन मी तितं न्हवतोच.”

“मला काय ठाव, काका सोता जातील म्हनून?” किशोरचा आवाज चढला. “गुडघा धरून घरी बसल्यालं. ताई, हे बघ, घरातली गोष्ट हाय. भाईर गेली तर आपलंच नाक कापलं जाईल.”

“आप्पा पण घरातलेच होते,” ती म्हणाली.

तिने पुढे आवाज चढवला नाही. पोलिसांकडे जाऊन तिने आधी दिलेला जबाब बदलून दिला, साबीरनेही दिला. तो तपास अजून चालू आहे. पण मला वाटले होते की खरे कळल्यावर माणसे लाजेने तरी तिच्याबरोबर राहतील. तसे झाले नाही. पोरे एकेक करून किशोरकडे गेली, कारण कामे त्याच्याकडे होती. सोसायट्याही गेल्या, नंबर त्याच्याकडे होते. माझ्याकडचा एकेक ठिपका विझत गेला. कोणी जाताना मला सांगितले नाही, रजेचा अर्जसुद्धा टाकला नाही. हेमाताई पौडच्या एका दवाखान्यात नोकरीला लागल्या. उत्कर्षाने गाळ्याचे शटर ओढले आणि ती पुन्हा हिंजवडीला जाऊ लागली.

साबीर तिकडे गेला नाही, पण उत्कर्षाकडेही आला नाही. तो बिगारी करत होता. एके दिवशी लवासातून एका वृद्ध बाईंचा उत्कर्षाला फोन आला. त्यांच्या इमारतीत फार कोणी राहत नाही, टाकी कित्येक महिन्यांत धुतली नाही, आणि एवढ्या लांब यायला कोणी तयार नाही. आप्पा येत असत, असे त्या म्हणाल्या. उत्कर्षाने बराच विचार केला आणि साबीरला फोन लावला. तिने त्याला माफ केले की नाही, हे मला माहीत नाही. ती त्याच्याशी कामापुरतेच बोलते.

लवासाचा घाट उतरताना रेंज गेली. पण रेंज नसली तरी मी तिच्या फोनमध्ये असतोच. टाकीच्या तोंडाशी साबीरने दोर बांधला, शिडी पुसली.

“ताई, वर कोन थांबनार?”

“मी.”

“तुमी? ऊन लागंल. त्या बाईंकडनं खुर्ची तरी आना.”

“बसले तर तुम्ही दिसत नाही.”

“दिसून काय करनार? गाळच गाळ हाय.”

“दिसू दे.”

साबीर दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. “फळ्यावर लावलं का?”

तिने फोन काढला. माझ्याकडे पाहिले. मी तिला काहीच दाखवू शकत नव्हतो, ना हिरवे, ना कोरे. तिने मला बंद करून पर्समध्ये ठेवले आणि पर्स दूर भिंतीशी नेऊन ठेवली. पर्सच्या उघड्या तोंडातून मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती टाकीवर वाकलेली होती. साबीर आतून काहीतरी बोलत होता, ती उत्तर देत होती, आणि काम संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मित्रांनो, मला दूर ठेवले म्हणून मी रागावलो नाही. त्या दिवशी माझी गरज नव्हती, आणि तसे असणे किती बरे असते, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळले. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुमच्याही कामाच्या जागी माझ्यासारखा एखादा फळा असेल. त्यावर तुमचे नाव असेल. तुम्ही मला रोज उघडले नाही तरी चालेल. माझे कौतुक नको, मला फूल नको. पण तुमच्या नावाची किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊ नका, आणि दुसऱ्याच्या नावाने कधी ‘आहे’ असे लिहू नका. तुम्हाला तो एक लहानसा ठिपका वाटेल. तो खरा मानून कोणीतरी हाक मारत असते, आणि उत्तर आले नाही तर चपला काढून खाली उतरते.